‘न्हाय’ आणि ‘न्याय’

रागात असलो की माझ्या कीबोर्डचा आवाज बदलतो, असं बायकोचं म्हणणं आहे. एरवी टपटप येतो, रागात मिरच्या कांडल्यासारखा. या उन्हाळ्यात आमच्या घरात रोज संध्याकाळी मिरच्या कांडल्या जात होत्या आणि ठसका सगळ्यांना लागत होता.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. प्रोग्रॅमिंग ही माझी हौस. पन्नाशीच्या आसपास लोकांना गुडघेदुखी होते, अध्यात्म होतं. मला हे झालं. घरचे पाहुण्यांना त्याबद्दल जरा हलक्या आवाजात सांगतात. आमच्या भागात नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार हे दाखवणारं वेबपान हा माझा तोवरचा सर्वांत मोठा पराक्रम होता. पान उत्तम चालायचं. अडचण एवढीच, की ते उघडेपर्यंत शेजारच्यांची मोटार सुरू झालेली ऐकू यायची आणि बायको म्हणायची, “ते पान ठेवा बाजूला, पाइप धरा.”

या हौसेपायीच मला मुक्तस्रोत नावाची चीज कळली. म्हणजे कुणीतरी प्रोग्रॅम लिहितो आणि त्याच्या पोटातल्या सगळ्या ओळींसकट तो लोकांसाठी उघडा ठेवतो. भाकरी तर वाढतोच, वर पीठ कसं मळलं तेही सांगतो, आणि तुमच्या हातानं करून बघा म्हणतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ऑफिसात चार जणांना थांबवून सांगितलं. चौघांनीही एकच विचारलं, “फुकट आहे का?” हो म्हटल्यावर चौघांचाही त्यातला रस संपला. फुकट गोष्टीत काहीतरी खोट असणार, अशी आमच्या ऑफिसची पक्की समजूत आहे.

तर या वर्षी आईच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं, आम्ही मान डोलावली होती, आणि तरीही घरी आल्यावर पहिल्या दिवशी सगळेजण तिच्या हाकेची वाट बघत होतो. हा आवाज साधा नव्हता. तिनं बांधावरून हाक मारली की पलीकडच्या शेतातली म्हैससुद्धा मान वर करायची. घरात ती कुणावर ओरडली नाही असा दिवस आठवत नाही. आता तिच्या हातात नातवाची जुनी पाटी आली. चौथीपर्यंत शिकलेली, जशी बोलते तशी लिहिते. पाटीवर रागावणं फार अवघड असतं. अक्षर काढून होईपर्यंत समोरचा माणूस खोलीतून निघून गेलेला असायचा. मग ती पाटी आपटायची, आणि तेवढं मात्र सगळ्यांना कळायचं.

खरी अडचण मावशीची होती. आईची धाकटी बहीण, मंगळवेढ्याला असते. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले, गुडघे गेलेले. एसटीत बसवणं शक्य नाही. या दोघींचा दुपारच्या जेवणानंतर रोज फोन. आणि रोज, कशावरून का सुरू होईना, बोलणं शेवटी पोहऱ्यावर यायचं.

पोहऱ्याचं असं. दोघी लहान असताना त्यांच्या वस्तीच्या विहिरीत पोहरा पडला. आमच्या लोकांची विहीर वेगळी होती. का वेगळी होती ते मी इथे लिहीत बसत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. सगळ्या वस्तीत धड पोहरा तो एकच. तो बुडाला त्या दिवशी वस्तीला पाणी नाही, आणि आजोबांनी दोघींनाही बडवलं. टाकला कुणी? आई म्हणते तिनं, मावशी म्हणते हिनं. सगळा जन्म हा खटला चालू आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीसुद्धा मावशी रडत रडत फोनवर म्हणाली होती, “जा आक्का, बरी हून ये. पन पोहरा तूच टाकलास.” आई उत्तर देणार तेवढ्यात नर्स आली.

आता ही बोलू शकत नाही, तिला दिसत नाही. आम्ही मध्ये बसून निरोप पोचवायला लागलो. आई पाटीवर लिहायची, मी फोनवर वाचायचो. थोडे दिवस मावशीनं ऐकून घेतलं. मग एक दिवस म्हणाली, “तू नगं सांगू, तिला बोलू दे.” तिला बोलता येत नाही, मी म्हणालो. मग मावशी हळूच म्हणाली, “लेका, ती हाय न्हवं? खरं सांग.”

मी शपथा घेतल्या. बायकोनं घेतल्या. उपयोग झाला नाही. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांपासून मयताची बातमी दडवून ठेवायची पद्धतच आहे, आणि मावशीनं स्वतः ती कितीतरी वेळा पाळलेली होती. त्यामुळे आम्ही जितकी खात्री देऊ तितका तिचा संशय पक्का होत गेला. तिच्या सुनेनं कळवलं की त्या दुपारचं जेवत नाहीत, फोनच्या वेळेला भिंतीकडे तोंड करून बसतात.

मग मी मिरच्या कांडायला बसलो.

शोधता शोधता मला एक मुक्तस्रोत साधन सापडलं. मराठीत लिहिलेलं घ्यायचं आणि मोठ्यानं वाचून दाखवायचं. घरच्याच लॅपटॉपवर चालतं, इंटरनेटसुद्धा लागत नाही. कुठल्याशा अनोळखी बाईनं तासन्‌तास मराठी वाक्यं वाचून आपला आवाज त्याला दान दिलेला. मी आईसाठी जुन्या टॅबवर मोठ्या बटणांचं एक पान केलं: तिनं लिहायचं, यंत्रानं बोलायचं. आईनं अर्धा दिवस एकेक अक्षर शोधत पहिलं वाक्य लिहिलं. यंत्र बोललं. आवाज स्वच्छ, गोड, दूरदर्शनच्या संध्याकाळच्या बातम्यांसारखा. आईनं माझ्याकडे बघितलं, पाटी ओढली आणि लिहिलं, “ही बया कोन?”

त्या दिवसापासून आमच्या घरात त्या आवाजाला बया म्हणतात.

बया शिकलेली होती, हाच घोटाळा. बोलण्याआधी ती मजकूर तपासून घ्यायची. तिच्याजवळ शुद्ध मराठी शब्दांचा कोश होता. त्यात नसलेला शब्द दिसला की ही चूक आहे असं समजून त्याच्या जवळचा शब्द ती परस्पर घालायची. आई ‘न्हाय’ लिहायची. कोशात न्हाय नाही. एका अक्षराच्या अंतरावर ‘न्याय’ आहे. आई ‘व्हय’ लिहायची. तो शब्दही कोशात नाही. एका अक्षरावर ‘व्यय’ आहे. म्हणजे आमच्या घरात हो म्हणजे खर्च झाला आणि नाही म्हणजे न्याय.

“आई, चहा ठेवू?” “व्यय.” “औषध घेतलं का?” “न्याय.” भाजीवाला दारात आला, आजी मेथी देऊ का म्हणाला, तर खिडकीतून गोड आवाजात “न्याय”. तो बिचारा दचकून म्हणाला, “न्यायानंच द्यायलोय की, आजी.” पोरं हसून लोळली. मीही हसलो, कबूल आहे. आई हसत नव्हती. जन्मभर जिच्या एका ‘न्हाय’नं घरातले बेत मोडायचे, तिच्या तोंडून तो शब्दच काढून घेतला होता.

तरीही उतावीळपणानं मी फोन लावलाच. टॅब फोनजवळ धरला. आईनं लिहिलं होतं, “म्या हाय. बरी हाय. काळजी करू नगं.” बया म्हणाली, “या हाय. बरी हाय. काळजी करू नग.” मावशी म्हणाली, “लोन नगं बाई,” आणि फोन ठेवला.

पुन्हा लावला. मी ओरडून सांगितलं की हे यंत्र आहे, पण बोलतेय आईच. काय पाहिजे ते विचार. मावशी एकदम लहान पोरीसारखी म्हणाली, “आक्का, मला सोडून गेलीस व्हय ग?”

आईनं लिहिलं, न्हाय. मला दिसत होतं काय होणार ते. मी बटण अडवायला हात घातला, उशीर झाला.

“न्याय,” बया म्हणाली.

मावशी म्हणाली, “माझ्या आक्कानं जल्मात ह्यो सबुद तोंडातनं काडला न्हाय. कुटं हाय ती?” आणि रडायला लागली. सुनेनं फोन काढून घेतला. आईनं टॅब खाटेवर उलटा घातला आणि त्या दिवशी पाटीलाही हात लावला नाही.

तपासणीच बंद करून टाक, असं कुणीही म्हणेल. मी केली बंद. पण आईची बोटं आता सरळ पडत नाहीत, एका अक्षराऐवजी शेजारचं दाबलं जातं. तपासणी नसली की बया नुसतं बरळायची. तपासणी हवीच होती. फक्त तिला आमचे शब्द माहीत असायला हवे होते. आणि कोश तर उघडा होता. कुणीही शब्द सुचवावेत, स्वागत आहे, असं दारावरच लिहिलेलं.

मला वाटलं, हे तर फारच सोपं. आम्ही शब्द गोळा करायला बसलो. माझी बायको शाळेत मराठी शिकवते. घरात लाल पेन तिचं. आई पाटीवर शब्द लिहायची, बायको सासूला विचारायची, “आत्या, हा ऱ्हस्व की दीर्घ?” आई लिहायची, “तोंडात बसल तसा.” हाय, न्हाय, व्हय, नगं, म्या, हितं, तितं, कुटं, लई. आई रंगात आली आणि शिव्यांवर उतरली. बायकोनं त्या सगळ्या काढून टाकल्या. “जगभर दिसणार आहे हे,” ती म्हणाली. आईनं तिच्याकडे असं काही बघितलं की तिथंच दोन-तीन शिव्या झाल्या.

मी विनंती पाठवली. सोबत नम्र टिपण लिहिलं: हे शब्द आमच्याकडे रोज बोलले जातात, माझ्या आईला बोलायला लागतात. चार दिवस मी तासातासाला उत्तर आलं का ते बघत होतो. ऑफिसात प्रवेशाची गर्दी, आणि माझं लक्ष खिशातल्या फोनकडे.

उत्तर आलं. कोश सांभाळणाऱ्या गृहस्थांनी अगदी सभ्य मराठीत लिहिलं होतं: “सुचवलेले शब्द प्रमाण मराठीत नाहीत. बोलीतील अशुद्ध रूपे स्वीकारल्यास कोशाचा दर्जा खालावेल. विनंती बंद करत आहे. आपल्या मातोश्रींना शुभेच्छा.”

अशुद्ध.

हा शब्द मी शाळेत असंख्य वेळा वहीत बघितलाय, बायको रोज लिहिते. पण त्या संध्याकाळी तो स्क्रीनवर माझ्या आईच्या शब्दांशेजारी बसलेला बघितला आणि मला काहीतरी झालं. आमच्या घरात अशुद्धचा अर्थ आधी व्याकरणातून नाही कळला. आजोबांना तो गावच्या विहिरीवर कळला होता. म्हणून तर वस्तीची विहीर वेगळी होती, म्हणून तर एका पोहऱ्यासाठी दोन पोरींना मार बसला होता. आता पाण्याचा प्रश्न मिटला म्हणावा तर शब्दांचा काठ सोडून बाजूला उभे राहा म्हणतात. त्या गृहस्थांच्या मनात यातलं काहीही नसणार, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यानं राग कमी झाला नाही, उलट वाढला. मनातसुद्धा नव्हतं, आणि तरी शब्द बरोबर तोच सापडला.

मी उत्तर लिहायला घेतलं. काय लिहिलं ते सांगत नाही, पोरं वाचतील. बायकोनं पाठीमागून वाचलं आणि लाल पेन नसताना बोटानंच दाखवायला लागली: इथे ‘निर्लज्ज’ला एक ज कमी आहे, इथे अनुस्वार. मी म्हणालो, मी भांडतोय, निबंध नाही लिहीत. ती म्हणाली, “अशुद्ध म्हणणाऱ्याला अशुद्धात शिव्या देणार? निदान त्या तरी नीट द्या.” मी तिच्यावर चिडलो. “तूही त्यांच्यातलीच,” म्हणालो. ती उठून आईजवळ जाऊन बसली. मी तिथेच मिरच्या कांडत राहिलो.

ते उत्तर मी पाठवलं नाही. शहाणपणानं नाही, लाज वाटली म्हणून. ज्याला शिव्या द्यायच्या तो माणूस कुणाकडून काही न घेता संध्याकाळी घरी येऊन हजारो शब्द लावत बसतो. माझ्यासारखाच कुणीतरी, त्याचीही बायको पाइप धरा म्हणत असेल. त्याच्याच कोशावर मी उभा होतो. राग धड करूही देत नाहीत हे लोक, याचाही राग आला.

पण मुक्तस्रोतात एक गोष्ट मला सर्वांत जास्त आवडलेली आहे. पटलं नाही तर परवानगी मागावी लागत नाही. सगळा संसार जसाच्या तसा उचलायचा, मूळ मालकाचं नाव दारावर राहू द्यायचं, आणि शेजारी आपली वेगळी चूल मांडायची. कुणी अडवू शकत नाही. तसा नियमच आहे. मी त्यांना एवढंच लिहिलं: “वेगळी चूल मांडतोय. सरपण तुमचंच आहे, त्याबद्दल आभार. पण भाकरी आमच्या चवीची होणार.” बायकोनं तपासून दिलं. एकही चूक निघाली नाही, याचं तिलाच जास्त आश्चर्य वाटलं.

चूल मांडली. आईचे शब्द घातले. बया पहिल्यांदा “न्हाय” म्हणाली. आवाज बातम्यांचाच, पण बातम्यांमधल्या बाईनं अचानक पदर खोचल्यासारखं वाटलं. आईनं ते बटण पुन्हा दाबलं, परत दाबलं. कुणी काही विचारलेलं नसताना ती बराच वेळ नुसतं न्हाय, न्हाय म्हणत राहिली.

दुपारच्या जेवणानंतर फोन लावला. सुनेनं मावशीला भिंतीपासून वळवून फोन कानाशी धरला. मावशी म्हणाली, “लोन नगं.” आईनं वाक्य आधीच लिहून ठेवलं होतं. बटण दाबलं.

“पोहरा म्या टाकला न्हाय. तूच टाकलास.”

मावशीचा श्वास ऐकू आला.

“आक्का?”

“व्हय.”

मग मावशी रडली, आणि रडतच म्हणाली, “इतकं दीस कुटं मेलीवतीस ग? आन् ह्यो आवाज कुनाचा लावलाईस? इंग्रजी शाळंच्या बाईवानी बोलूलालीस.” थोडं थांबून नाक ओढून म्हणाली, “आन् पोहरा तूच टाकलास. त्येवढ्यासाटी मशीन आनली व्हय?”

आईचे डोळे भरले होते, पण बोटं चाललेली होती. ती चिडली होती, नीट, पहिल्यासारखी. तिनं भराभर लिहिलं, “पोहरा म्या टाकला न्हाय भवाने,” आणि बटण दाबलं.

भवाने ही शिवी बायकोनं काढून टाकलेल्यांपैकी होती. बयाला ती माहीत नव्हती. तिनं आपल्या परीनं चूक सुधारली.

“पोहरा म्या टाकला न्हाय, भावाने.”

आईनं माझ्याकडे बघितलं, मी बायकोकडे. “भावानं?” मावशी म्हणाली. “दादानं टाकला म्हनतीस?” आमचे मामा, या दोघींचे थोरले भाऊ, जाऊन आता बरीच वर्षं झाली. मावशी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “दादा तर शाळंला हुता की तवा. का सुटला हुता? त्या दिशी शनवार हुता का ग आक्का? शनवारी लवकर सुटायची शाळा.” तिचा आवाज हळूहळू मऊ होत गेला. “दादाच असंल बग. आन् मार आपुन खाल्ला दोगींनी. कदी बोलला न्हाय मेला. जाऊ दे आता, गेला बिचारा.”

इतक्या वर्षांचा खटला मिटत होता. आरोपी सापडला होता, तो भांडायला येणार नव्हता, आणि दोघी सुटत होत्या. आईनं फक्त व्हय म्हणायचं होतं. बायकोनं माझा हात दाबला. मीसुद्धा मनात म्हणालो, दाब, आई, दाब.

आई टॅबकडे बघत बसली. मग तिनं वाकून, एकेक अक्षर शोधत, सावकाश लिहिलं. बया ठणठणीत आवाजात बोलली:

“न्हाय. दादा तितं नव्हता. तूच टाकलास.”

“गप ग खोटारडे,” मावशी म्हणाली, आणि पलीकडून सुनेला सांगताना ऐकू आली, की ताट वाढ, फोन लई येळ चालनार हाय.

आईनं माझ्याकडे न बघताच पाटी पुढे सरकवली. पाटीवर एकच शब्द होता. मी मुकाट्यानं लॅपटॉप उघडला आणि भवाने कोशात घातला. बायको शेजारी येऊन बसली. शिवी तिनं राहू दिली. फक्त मी ‘ने’ ऐवजी ‘नें’ टाइप केलं होतं, तो अनुस्वार काढायला लावला.